भिंतीत मुरलेला धूर

भाड्याने दिलेल्या घरात भाडेकरू सिगारेट ओढत असेल तर घरमालकाने नेमकं काय करायचं, याचं सरळ उत्तर मला कुणाकडेच मिळेना. भाडं थकलं, नळ गळू लागला, करार संपूनही माणूस हलत नाही, या सगळ्यावर प्रत्येकाकडे काही ना काही सल्ला असतो. धुराचं नाव काढलं की समोरचा एक तर 'त्यात काय एवढं' म्हणे, नाही तर एकदम 'काढून टाका त्याला' म्हणे. या दोन टोकांच्या मध्ये मी बराच काळ चाचपडत होते.

आईनंतर कोथरूडचा टू बीएचके फ्लॅट माझ्या नावावर झाला. मी राहते चिंचवडला. घर बंद ठेवलं की नळ गंजतात, वाळवी लागते, म्हणून भाड्याने द्यायचं ठरलं. एजंटने सगळं घरी बसून करून दिलं. अंगठ्याचं मशीन आणलं, फोटो काढले, आणि ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाइन नोंदवला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. ती जबाबदारी घरमालकावर असते आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही गेली. एवढं झाल्यावर आता दर महिन्याला खात्यात पैसे जमा होतील आणि वर्षातून एकदा करार होईल, अशीच माझी समजूत होती.

भाडेकरू तिशीच्या आतला, मूळचा अमरावतीचा, हिंजवडीत रात्रपाळीची नोकरी करणारा मुलगा. आठवड्यातले काही दिवस तो घरूनच काम करायचा. भाडं वेळेवर, बोलणं अदबीचं. मला 'काकू' म्हणायचा.

फोन आला तो वरच्या मजल्यावरच्या आजींचा. त्या मला लहानपणापासून ओळखतात. म्हणाल्या, "अगं, तुझ्या घरातून रात्री सिगारेटचा वास येतो. माझ्या न्हाणीघरात उभं राहवत नाही. दमा आहे मला, तुला ठाऊक आहे."

मला आधी पटेचना. त्याचं घर खाली, यांचं वर, मध्ये सिमेंटचा स्लॅब. मग सोसायटीच्या प्लंबरने वाट दाखवली. आमच्या इमारतीत सगळ्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. ती अरुंद पोकळी तळापासून गच्चीपर्यंत जाते. गरम हवा वर चढते आणि तिच्याबरोबर धूरही. त्यामुळे खालच्या बाथरूममध्ये खिडकी उघडी टाकून ओढलेली सिगारेट ओढणाऱ्याला बाहेर गेल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात वरच्या प्रत्येक घरात शिरते. खिडकीशी उभं राहणं हा उपाय नव्हे, हे तिथे पहिल्यांदा कळलं.

यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणाले, "नोटीस द्या, महिन्यात बाहेर काढा." एजंट म्हणाला, "मॅडम, भाडं येतंय ना? जाताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापू, विषय संपला." एका नातेवाइकांनी पाणी बंद करायला सांगितलं, दुसऱ्यांनी तो कामावर गेला की दुसऱ्या किल्लीने आत जाऊन फोटो काढून ठेवायला. प्रत्येक जण ठामपणे बोलत होता आणि मी प्रत्येकाचं ऐकून अधिकच गोंधळत होते.

शेवटी शाळेपासूनची एक मैत्रीण वकील आहे, तिच्याकडे गेले. तिने एकेक गाठ सोडवली.

पहिला प्रश्न मी विचारला तो कायद्याचा. धूम्रपानाला बंदी आहे ना आपल्याकडे? ती म्हणाली, आहे, पण सार्वजनिक ठिकाणी. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा २००३ चा, आणि सार्वजनिक जागांबद्दलचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. दंड २०० रुपयांपर्यंत. राहतं घर त्यात येत नाही. त्यामुळे 'कायद्याने बंदी आहे' असं मी त्या मुलाला म्हणू शकत नव्हते.

"मग माझ्या हातात काय?"

"तुझा करार," ती म्हणाली.

लिव्ह अँड लायसन्स म्हणजे घर वापरण्याची परवानगी. या परवानगीची व्याख्या थेट १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातल्या कलम ५२ मध्ये आहे. ती कोणत्या अटींवर दिली, हे करारात लिहिलेलं असतं आणि अडचणीच्या वेळी तेच कामाला येतं. आमच्या करारात सिगारेटचा शब्द नव्हता, एजंटकडच्या ठरीव मसुद्यात तो नसतोच. पण दोन कलमं होती. लायसेन्सीने, म्हणजे भाडेकरूने, शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं वागू नये, आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता घर होतं त्या स्थितीत परत द्यावं. आजींचा दमा पहिल्या कलमात बसत होता, पिवळ्या पडणाऱ्या भिंती दुसऱ्यात.

किल्लीच्या सल्ल्यावर मैत्रीण जरा कडक झाली. घर तुझ्या नावावर असलं तरी आज ते त्याचं राहतं घर आहे, म्हणाली. १९९९ च्याच कायद्याचं कलम २८ घरमालकाला पाहणीचा हक्क देतं, पण आधी सूचना देऊन आणि योग्य वेळी. पाणी-वीज तोडण्याच्या विरोधात कलम २९ आहे, त्या वाटेला जाऊच नकोस. आणि मुदत संपूनही तो हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, जितके दिवस जास्त राहील तितक्या दिवसांची दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण ती फार पुढची गोष्ट. आधी त्याच्याशी बोल आणि जे ठरेल ते लिहून घे.

दोन दिवस आधी मेसेज करून मी गेले. दार उघडताच वास आला. ताज्या धुराचा नव्हे. पडद्यांत, गादीत, कपाटातल्या कागदांत बसून राहिलेला, थोडा आंबूस, थोडा जळका. मुलगा ओशाळला. "काकू, मी बहुतेक बाल्कनीतच ओढतो. रात्री दोनला कॉल चालू असतो, खाली जाता येत नाही, तेव्हा बाथरूममध्ये."

मी त्याला सिगारेट सोड म्हणाले नाही. ते सांगायचा मला अधिकार नव्हता, आणि ते त्याच्या आईने शंभरदा सांगून झालं असणार. मी फक्त डक्टची खिडकी दाखवली आणि धूर कुठे जातो ते सांगितलं. वरच्या आजी रात्री पंप घेऊन बसतात हेही सांगितलं. त्याला हे खरंच माहीत नव्हतं. गप्प बसला आणि म्हणाला, "मला वाटायचं वास फक्त माझ्याच घरात राहतो."

मग आम्ही तिथेच बसून पत्र लिहिलं. घरात, बाथरूममध्ये आणि बाल्कनीत ओढायचं नाही. बाल्कनी यासाठी की आजींच्या बेडरूमची खिडकी तिच्या बरोबर वर आहे. इमारतीच्या मागे आवाराच्या भिंतीलगत, कुणाच्याही खिडकीपासून लांब, मोकळी जागा होती. सेक्रेटरी काकांना विचारून ती ठरवली. घराला धुरामुळे नेहमीपेक्षा जास्त खर्च आला तर तो डिपॉझिटमधून, पण बिलं दाखवून. दोघांच्या सह्या झाल्या, फोटो काढून एकमेकांना पाठवले. निघताना तो आपणहून म्हणाला की सोडायचं मनात आहे, जमत नाही. पाकिटावर १८०० ११ २३५६ हा सरकारी मोफत नंबर छापलेला असतो, तिकडे फोन करून बघेन. पुढे केला की नाही, मी विचारलं नाही.

हिवाळाभर ठीक चाललं. आजींचा फोन आला तो बरं वाटतंय सांगायला. उन्हाळाही गेला. पाऊस लागला आणि मागच्या आवारात चिखल झाला, रात्री दोनला छत्री घेऊन खाली जाणं त्याला जड जाऊ लागलं. डक्टमध्ये पुन्हा वास येऊ लागला. मी पुन्हा गेले, पुन्हा बोललो. तो खोटं बोलला नाही. "जमतंय तेवढं करतो काकू, पण रोज नाही जमत."

सवय आणि व्यसन यांतला फरक मला त्या उत्तरात दिसला. त्याने शब्द मोडला होता, हे खरं. पण निकोटीन दर काही तासांनी शरीराकडून वसुली करतं आणि सहीचं पत्र त्या वसुलीपुढे दुबळं पडतं, हेही तितकंच खरं. मला त्याचा राग आला नाही. त्याच वेळी हेही स्पष्ट झालं की पुढचा करार त्याच्याशी करता येणार नाही. मुदत संपायच्या आधी पुरेसा वेळ देऊन मी त्याला तसं सांगितलं. वर बाल्कनी नसलेलं, सगळ्यांत वरच्या मजल्याचं घर शोध, असंही सुचवलं. ठरल्या दिवशी त्याने घर रिकामं केलं.

सामान गेल्यावर घर दिसलं. भिंतीवरचं त्याचं कॅलेंडर आणि पांढरा बोर्ड निघाला तिथे आईने लावलेला मूळ रंग चौकोनात जसाच्या तसा होता, आणि भोवतालची भिंत चहाच्या फिक्या डागासारखी. पलंगाच्या वरचं छत जास्त पिवळं. पंख्याच्या पात्यांवर चिकट थर, त्यावर धूळ. बाथरूमच्या छतावर वाफेने ओघळलेले तपकिरी थेंब सुकून बसले होते. एसीची जाळी उघडली तर तोच वास जोरात अंगावर आला.

रंगारी आला, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, यावर नुसते दोन हात मारले तर पावसाळ्यात पिवळं वर येणार." त्याने कारणही सांगितलं. सिगारेटचा हा थर पाण्यात विरघळतो. पाण्याचा रंग लावला की तो ओल्या रंगात उतरतो आणि वाळताना डाग होऊन पृष्ठभागावर येतो. म्हणून आधी वॉशिंग सोड्याच्या कोमट पाण्याने भिंती आणि छत पुसायचं, पाणी सारखं बदलायचं, मग साध्या पाण्याने. पूर्ण वाळू द्यायचं. पॉलिश पेपर मारून, लागेल तिथे लांबी भरून, ऑइल प्रायमर. वॉटर प्रायमर इथे चालत नाही. त्यानंतर इमल्शन. ज्या खोलीत आईच्या काळचं डिस्टेंपर होतं ते धुताना सुटू लागलं, ती भिंत पूर्ण खरवडावी लागली. पंखे उतरवून धुतले, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, खिडक्यांचे गज, कपाटं आतून-बाहेरून पुसली. एसीचं कॉइलसकट सर्व्हिसिंग केलं. पडदे दोनदा धुऊनही वास गेला नाही, ते टाकले. गादीही टाकली.

मग आला हिशेब, आणि मला सगळ्यांत जास्त विचार तिथे करावा लागला. एजंटचं म्हणणं सरळ होतं, एक महिन्याचं भाडं कापा, सगळे तेच करतात. मला ते पटलं नाही. घराला रंग लावून काही वर्षं झाली होती. तो कुणीही राहिलं असतं तरी मला लवकरच लावावा लागला असता, म्हणजे साध्या रंगाचा खर्च माझा. धुण्याची मजुरी, ऑइल प्रायमरचा जादा खर्च, एसीचं काम, गादी आणि पडदे, हे धुरामुळे आलेलं. तेवढंच मी त्याच्या नावावर मांडलं, प्रत्येकाचं बिल फोटो काढून पाठवलं. गादी आणि पडदे जुने होते, त्यांची नवी किंमत धरू नका, असं त्याचं म्हणणं आलं. ते योग्य होतं. तो आकडा निम्मा केला आणि उरलेलं डिपॉझिट त्याच्या खात्यात पाठवलं. जाणाऱ्या माणसाच्या डिपॉझिटवर आपल्या घराचं नूतनीकरण करून घेणं हा धुराइतकाच अन्याय आहे, आणि आपल्या शहरात तो इतका सर्रास चालतो की कुणाला तो दिसतही नाही.

रंग वाळत असतानाच एक जोडपं घर बघायला आलं. सोबत जेमतेम रांगणारी मुलगी. आईने तिला कडेवरून खाली सोडलं तशी ती फरशीवर तळवे आपटत भिंतीपर्यंत गेली, भिंतीला हात लावला आणि हात तोंडात घातला. बाईंनी विचारलं, "आधी कुणी सिगारेट ओढणारं होतं का? कपाटात थोडा वास येतोय."

मी खरं ते सांगितलं. काय काय केलं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, विचार करून कळवतो.

त्या रात्री मी वाचायला बसले. तोवर माझ्या लेखी हा वासाचा आणि रंगाचा प्रश्न होता, फार तर आजींच्या दम्याचा. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण ठरणारी, हे ऐकून होते. पण सिगारेट विझल्यावर उरणाऱ्या थराचंही स्वतंत्र शास्त्र आहे, त्याला थर्डहँड स्मोक म्हणतात, हे नवं होतं. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पृष्ठभागांवर बसलेलं निकोटीन घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावतं आणि त्यातून कर्करोगकारक नायट्रोसअमाइन्स तयार होतात. गॅसच्या ज्योतीतून आणि गाड्यांच्या धुरातून हे आम्ल आपल्या घरांत असतंच. दुसरा अभ्यास २०११ मधला, सॅन दिएगोचा. धूम्रपान करणारी माणसं सोडून गेलेली घरं दोन-दोन महिने रिकामी राहिली, साफ झाली, आणि तिथे न ओढणारी कुटुंबं राहायला आली. तरी त्या घरांच्या धुळीत, पृष्ठभागांवर आणि नव्याने आलेल्या माणसांच्या बोटांवरसुद्धा निकोटीन सापडलं.

नव्याने आलेल्या माणसांच्या बोटांवर. मला त्या मुलीचे फरशीवरचे तळवे आठवले आणि इतके दिवस हरवलेला धागा सापडला. मी आजवर भांडत होते ते घराच्या वतीने, शेजाऱ्यांच्या वतीने, थोडं स्वतःच्या पैशाच्या वतीने. जो माणूस अजून या घरात आलेलाच नाही त्याच्या वतीने बोलणारं मात्र कुणी नव्हतं. ओढणाऱ्याला आपण निदान ओळखतो, त्याची अडचण समजून घेतो. आजी फोन करू शकतात. पुढच्या वर्षी येणारं बाळ काहीच करू शकत नाही. घर एकाकडून घेऊन दुसऱ्याला देणारा माणूस एकच असतो, घरमालक. म्हणून ते बाळ त्याची जबाबदारी.

दुसऱ्या दिवशी मी रंगाऱ्याला थांबवून कपाटांच्या आतल्या बाजू, दारांच्या वरच्या कडा, स्वयंपाकघरातले माळे, जे जे राहिलं होतं ते सगळं पुन्हा पुसून घेतलं. कपाटांच्या आतल्या उघड्या प्लायवूडला प्रायमर आणि रंगाचा थर दिला. लाकडात मुरलेलं पूर्ण निघत नाही, झाकता येतं. घर बरेच दिवस खिडक्या उघड्या ठेवून हवेशीर ठेवलं, त्यात भाड्याचं नुकसान झालं ते झालं. त्या जोडप्याला पुन्हा बोलावलं आणि झालेलं काम दाखवलं. त्यांनी घर घेतलं.

या वेळी करार करताना एजंटच्या मसुद्यात मी एक कलम घालून घेतलं, मैत्रिणीकडून तपासून: 'लायसेन्सी, त्यांचे कुटुंबीय अथवा पाहुणे सदर मिळकतीत, स्नानगृह व बाल्कनीसह, धूम्रपान करणार नाहीत. त्यामुळे झालेल्या जादा साफसफाईचा व दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च बिलांच्या आधारे लायसेन्सीने द्यावा.' यातले तीन शब्द मी मुद्दाम मागून घेतले. 'बाल्कनीसह', कारण धूर वर जातो. 'पाहुणे', कारण मित्रांच्या पार्टीचा धूरही तितकाच मुरतो. आणि 'प्रत्यक्ष', कारण हे कलम वापरणाऱ्या घरमालकावरही लगाम हवा. किल्ली देण्याआधी आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक भिंतीचे, छताचे, गादीचे फोटो काढले, म्हणजे उद्या कुणालाच आठवणीवर भांडावं लागणार नाही.

२०१६-१७ च्या ग्लोबल अॅडल्ट टोबॅको सर्व्हेप्रमाणे भारतातल्या ३८.७ टक्के प्रौढांना दुसऱ्याच्या तंबाखूच्या धुराला आपल्या घरातच तोंड द्यावं लागत होतं. कायदा रेल्वे स्टेशनापर्यंत पोचला, दवाखान्यापर्यंत पोचला, घराच्या उंबऱ्याशी थांबला. तो थांबला ते एका अर्थी बरोबरच आहे. कुणाच्या घरात शिरून काय ओढतोस हे सरकारने बघावं, असं मलाही वाटत नाही. पण म्हणूनच भाड्याच्या घरात ही गोष्ट दोन माणसांनी आपापसांत, किल्ली हातात देण्याआधी, स्पष्ट बोलून लिहून घ्यायला हवी. तुम्ही पहिल्यांदाच घर भाड्याने देत असाल तर भाडं आणि डिपॉझिट ठरवताना, त्याच बैठकीत, त्याच आवाजात हेही विचारा. ओढणाऱ्याचा अपमान करू नका, त्याला घर नाकारायचं असेल तर तोंडावर नाकारा, द्यायचं असेल तर धूर कुठे चालेल ते दाखवून द्या. आणि घर पुढच्या माणसाला दाखवताना त्याने विचारायची वाट न बघता त्याला खरं सांगा.